पाचाच्या जागी तीन

९ जानेवारी, शुक्रवार

तर त्या सकाळी मी आधी उशीचे अभ्रे भिजत घातले, कारण त्यांच्यावर आंबट पिवळे डाग पडायचे आणि एकदा सुकले की साबणाला दाद द्यायचे नाहीत. मग घड्याळ बघून तुमच्या भावाची उपाशीपोटीची गोळी. गोळीनंतर अर्धा तास काही खायचं नाही, आणि आमच्या घरात त्या अर्ध्या तासात बोलायचंही नाही, कारण बोललं की भांडण. तेवढ्यात मी केर काढला, खालच्या नळावरून दोन बादल्या आणल्या, भात मऊ शिजवून घोटला आणि त्यांच्या कामाच्या पिशवीत रबरी हातोडा, सुतळीची दोरी आणि थुंकायचा डबा ठेवला. फरशी बसवणारा माणूस दिवसभर गुडघ्यांवर असतो, डोकं पोटाच्या खाली. पोटातलं सगळं घशाशी येतं. मी पिशवीचा बंद आवळत होते आणि तुमची शेजारीण दारात येऊन उभी राहिली. हातात तुमचा डबा.

वन्सं, तो डबा तुम्हाला आठवत असेल. तिखट लावून तळलेल्या बटाट्याच्या चकत्या. तुमच्या भावाने उभ्याउभ्या अकरा खाल्ल्या. मी म्हटलं, "अहो, पुरे." तर म्हणाले, "माझ्या बहिणीच्या हातचं मला बाधत नाही." दुपारी दोन वाजता मुकादमाने त्यांना गाडीत घालून घरी आणून सोडलं. सदरा ओला, डोळे लाल, छातीवर हात. पुढे आठ दिवस घशाखाली पाणीसुद्धा रडतरडत गेलं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे तुमच्या लेकीचं पत्र. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हेही तीच वाचून दाखवणार. वाच पोरी, मामीचं अक्षर बरं आहे. ती लिहिते की मामा गेल्यापासून आई नीट जेवत नाही. आधी तळलेलं सोडलं, मग तिखट, मग भाजी, आता दुधात कालवलेला भात, तोही चार घास. वजन अडतीस किलो. आता तिच्याही छातीत जळतं, आंबट पाणी वर येतं, पण गोळी घेत नाही. म्हणते, माझ्या भावाला मी दिलं ते मला भोगू दे.

आणि पोर मला विनवते की मामी, एकच ओळ लिही. आईची चूक नव्हती, एवढंच. तू लिहिलंस तरच ती ऐकेल, कारण बोललीस तूच.

हो, बोलले मीच. तुमच्या भावाला घरातून नेलं त्या दिवशी वीस माणसं उभी असताना मी तुम्हाला म्हणाले, "तुमच्या डब्यांनी मारलं यांना." ते मी मागे घेत नाही. ती ओळ मी लिहिणार नाही.

जेवायचं असेल तर जेवा, नसेल तर नका जेवू. तुम्ही काही कुक्कुलं बाळ नाही.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं,

तुमच्या लेकीने तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवले. "ती म्हणते ते खरंच आहे. तिला म्हणावं, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस."

मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. पूर्वी कशा तोंडाला तोंड द्यायच्या! मी पुस्तक घेऊन बसले की, "आल्या आमच्या पंडितीणबाई, आता भात कोण उतरवणार, पुस्तक?" मला त्याचा राग यायचा, आणि आज सांगते, थोडा अभिमानही वाटायचा. तुमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. फरशांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत शिकले. पहिला शब्द वाचला तो "नाजूक". मग वाचनालयात झाडू मारायला लागले आणि तिथली फाटकी पुस्तकं घरी आणता आणता सगळंच वाचायला लागले. आता तुम्ही माझं खरं मानता, तर मला ते आवडत नाही.

तुम्ही डबे पाठवलेत, पण राहिलात कधी आमच्याकडे? राहिला असतात तर कळलं असतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन विटा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उतारावर झोपलं की आंबट वर येत नाही. त्यांचं आंबट वर यायचंच, मी मात्र खाली घसरायची. सोळा वर्षं मी पायाशी गोळा होऊन उठले. जेवण संध्याकाळी पाचला. त्यानंतर कुणी बोलावलं तर जायचं नाही, कारण दुसऱ्याच्या घरी जाऊन ताटाकडे बघत बसणारा माणूस कुणाला नको असतो. हळूहळू बोलावणी थांबली. चहा बंद, लिंबू बंद, कांदा बंद, हसणंही बंद, कारण हसलं की ठसका आणि ठसक्याबरोबर पाणी. आवाज बसला तो कायमचा. तोंडाला वास यायचा. मी जवळ जायची नाही. त्यांना ते कळायचं आणि तेही यायचे नाहीत. हे पोरीला वाचायला लाज वाटेल. वाटू दे.

आणि जिभेवर काटे. भात घट्ट झाला म्हणून एकदा ताट भिंतीवर फेकलं. मी शीत न् शीत पुसून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम कांदा तळला. चांगला लाल होईपर्यंत. त्यांच्यासमोर बसून खाल्ला, दोनदा वाढून घेतला. ते नुसते बघत होते. मला बरं वाटलं. तुम्हाला कुणी सांगितलं असेल की मी त्यांची सेवा केली. सेवाही केली, आणि हेही केलं.

तरी दवाखान्यात सगळं बरं चाललंय असंच म्हणायचे. दर तीन महिन्यांनी ते एक फॉर्म द्यायचे, दहा प्रश्नांचा. जेवताना भीती वाटते का, झोपमोड होते का, वाकून काम करता येत नाही असं होतं का, घरच्यांवर चिडचिड होते का. शून्य म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमीच. फॉर्म मी भरायची. त्यातले आकडे कधी फार वाईट नव्हते. डॉक्टर बघून म्हणायचे, "छान, गोळी लागू पडतेय, हीच चालू ठेवा." म्हणजे माझ्या देखरेखीत ते ठीक होते. तुमचा डबा आला की बिघडायचे.

पोरीला सांगा, गोळीचं नाव मी मागच्या बाजूला लिहिलंय. घ्या किंवा नका घेऊ.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं,

हे पत्र तुमच्या नावाने असलं तरी उत्तर तुमच्या लेकीला आहे. तिने पत्राच्या खाली बारीक अक्षरात, तुम्हाला न सांगता एक ओळ घातली: "मामी, मामांची ही अशी हालत होती, तर फॉर्ममधले आकडे चांगले कसे?"

पोरी, तू बँकेत बसतेस म्हणून माझी तपासणी करायची नाही. तरी सांगते. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते.

तुझ्या मामाला वाढवून सांगायची सवय होती. बोटाला खरचटलं तर हात तुटला. एक फरशी वाकडी बसली तर सगळं घर पाडावं लागेल. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यातलं निम्मं वजा करत आले आणि निम्मं तेवढंच खरं निघत आलं. मग फॉर्मवर वेगळं का करू?

फॉर्म आला की आम्ही असे बसायचो. ते पलंगावर, मी खाली, मांडीवर पाटी, पाटीवर कागद.

मी वाचायची, "छातीत जळजळ होते का?"

"पाच."

"पाच म्हणजे नेहमी. आत्ता जळतंय का?"

"आत्ता नाही. आत्ता थोडं कमी आहे."

"मग नेहमी कसं? तीन."

"बरं, तीन."

"झोपमोड?"

"पाच. अगं, तुला माहीत नाही का?"

"काल पहाटे घोरत होता. मी ऐकलंय. तीन."

"घोरतो म्हणजे झोपतो असं कुठे लिहिलंय?"

"इथे लिहिलंय," मी कागद दाखवायची. त्यांना शब्द वाचता यायचे नाहीत. ते कागदाकडे बघून मान हलवायचे.

"घरच्यांवर चिडचिड होते का?" विचारलं की म्हणायचे, "शून्य!" तेव्हा मीच पाच लिहायची आणि दोघंही हसायचो. त्यांना ठसका लागायचा.

हे असं होतं. यात वाईट काय? दवाखान्यात सगळेच रडगाणं गातात, मी खरं तेवढं लिहायची. एका पुस्तकात वाचलंही होतं की दीर्घ आजाऱ्याला दुखण्यापेक्षा लक्ष जास्त हवं असतं. पुस्तकाचं नाव आता आठवत नाही.

आता ही बारीक अक्षरातली ओळ आईला वाचून दाखवलीस की नाहीस ते कळव.

मामी


११ मार्च, बुधवार

वन्सं,

तुमच्या लेकीचा निरोप काल आला. तुम्ही न्हाणीघरात कोसळलात, काळी उलटी झाली, दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर विचारतात काय होतं, किती दिवसांपासून होतं, तर तुम्ही म्हणता काही होत नाही. तिथेही तोच दहा प्रश्नांचा फॉर्म आहे. नर्सने वाचून दाखवला आणि तुम्ही दहाही प्रश्नांना शून्य म्हणालात.

तुमची लेक लिहिते, "मामी, आता ती ओळ लिहितेस की नाही?"

लिहिते. पण एका ओळीत बसत नाही.

दवाखान्यातल्या नर्सने मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं: बेरीज तिसाच्या वर गेली की दुर्बीण. दुर्बीण म्हणजे घशातून नळी घालून आत बघायचं. म्हणजे मी निम्मं वजा करायची ते नुसतं सवयीने नव्हतं. मला तीस माहीत होतं. अठ्ठावीस, एकोणतीस, सत्तावीस. एकदा बेरीज एकतीस आली. मी झोपेच्या प्रश्नावरचे चार खोडून दोन केले.

का, ते सांगते. काम बुडेल म्हणून नाही, नळीची भीती म्हणूनही नाही. त्या घरात सोळा वर्षं एक माणूस आजारी होता आणि एक धडधाकट. आजाऱ्याला गोळी, मऊ भात, उतार, डॉक्टर, बहिणीचा डबा. धडधाकट माणसाला काही नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. त्यात दवाखान्याने एकदा छापील कागदावर लिहून दिलं असतं की हा माणूस खरंच आजारी आहे, तर मी जन्मभराची खोटी ठरले असते. माझी सगळी भांडणं खोटी, तळलेला कांदा पाप. मला हरायचं नव्हतं, वन्सं. म्हणून तीन.

घास अडकायला लागला तेव्हा दुर्बीण झालीच. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टरांनी जुने फॉर्म काढून टेबलावर मांडले. तीन वर्षांचे, बारा. म्हणाले, "यावरून तर काहीच वाटत नव्हतं. हे कुणी भरलेत?"

मी तोंड उघडायच्या आत तुमचे भाऊ म्हणाले, "आकडे माझे. हिने फक्त लिहिले."

मला वाटलं, त्यांना काही कळलंच नव्हतं म्हणून असं म्हणाले. घरी येताना रस्त्यात मी म्हटलं, "तुम्ही पाच म्हणायचात. मी तीन लिहायची."

ते म्हणाले, "माहीत आहे. मी आयुष्यभर फरशा मापून कापल्या. अक्षर येत नसेल, पण तीन आणि पाच मला कळत नाहीत असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी पुस्तकं वाचतेस. मला वाटलं, माझं तिनाचंच असेल. मीच उगाच ओरडतो."

एवढंच. त्यानंतर रागावले नाहीत, ताट फेकलं नाही. रागावले असते तर मी काहीतरी बोलले असते. उरलेले चार महिने ते फार समजूतदारपणे वागले आणि मला ते सहन झालं नाही. दुखलं की माझ्याकडे बघून विचारायचे, "हे किती गं? हे तरी पाच का?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारायचे. आपलं दुखणं किती आहे हे माझ्याकडून कळून घ्यायची त्यांना सवय झाली होती.

आता तुमचं. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं, "बहिणीकडचं तळलेलं खायचे, त्याने झालं का?" त्यांनी मान हलवली. म्हणाले, "चार चकत्यांनी त्या दिवसापुरतं जळतं. गाठ त्याने होत नाही. आंबट वर्षानुवर्षं वर येत राहिलं, आत जखम होत राहिली. तीन वर्षांपूर्वी बघायला मिळालं असतं तर काहीतरी केलं असतं." हे मला ते जाण्याच्या चार महिने आधीपासून माहीत होतं. तुम्हाला बोलले त्या दिवशी माहीत होतं. जानेवारीत पहिलं पत्र लिहिताना माहीत होतं.

त्या दिवशी तुम्ही दारात आलात आणि रडत म्हणालात, "याचं एवढं होईपर्यंत कुणाला कळलं कसं नाही गं!" तुम्ही कुणालाच विचारत नव्हता. मला वाटलं मला विचारताय. वीस माणसं माझ्याकडे बघतील असं वाटलं. तुमचा हात रिकामा नव्हता, त्यात काय होतं मला आठवतही नाही, पण मला डबा दिसला आणि तोंडातून ते निघालं. निघाल्यावर सगळे तुमच्याकडे बघायला लागले. मला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणूनच दोन वर्षं मागे घेतलं नाही.

तुम्ही खाली बसलात, आणि त्यांना नेईपर्यंत तिथेच बसून होता. कुणी उठवलं नाही. मी तुम्हाला ओलांडून आत गेले.

तुमच्या भावाला तुम्ही मारलं नाही. त्या घरात त्यांना आवडीचा घास मिळाला तो तुमच्याच डब्यातून. बाकी वर्षं मी त्यांना घोटलेला भात घातला आणि त्यांचं दुखणं कापून लिहिलं.

हे तुमच्या लेकीने तुम्हाला वाचून दाखवायचं नाही. म्हणून टपालात टाकत नाही.

तुमची भावजय


१५ मार्च, रविवार

पोरी,

तुझं पत्र काल रात्रीच्या गाडीने हातोहात मिळालं. आईने शुक्रवारी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, फॉर्मची बेरीज चव्वेचाळीस आली, दुर्बीण झाली, आत मोठी जखम आहे पण गाठ नाही, औषध सुरू केलंय. ती जेवते, कोंबून कोंबून जेवते, आणि माझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. तू लिहितेस, "मामी, तू आलीस तेव्हा मी कामावर होते. नर्स सांगते तू दीड तास होतीस. तू आईला काय म्हणालीस? ती सांगत नाही."

ते सोबत पाठवते. बुधवारी लिहिलं होतं. तुला ते आईला वाचावं लागू नये म्हणून मागे ठेवलं होतं, आता तू एकटीने वाच. वाचून मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. बँकेतली माणसं खोडलेला आकडा ओळखतात म्हणे, तेव्हा तू मनातून ओळखलंच असशील.

आईने मला माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस. शहाणी आहेस. तिने मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी खाटेजवळचं स्टूल ओढून आपली आपणच बसले. एवढी वाळली आहे की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, वाचून दाखवायचंय." ती म्हणाली, "वाच पंडितीण, तुला तेवढंच येतं."

बुधवारी ते पत्र लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने आले, तिच्या खाटेशी बसले आणि तारखेपासून सहीपर्यंत सगळं वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा वाच. सावकाश." मी पुन्हा वाचलं.

मामी